कोंड्यातल्या कोळ्यांवर मित्र कोळी वाढवताना: सोलापूर भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोहोळ तालुक्यात आमचं दहा गुंठ्यांचं शेडनेट आहे. त्यात ढोबळी मिरची असते आणि बांधापलीकडे डाळिंब. घरामागच्या जुन्या कोठीत आम्ही मित्र कोळी, म्हणजे पिकावरची कीड खाणारे कोळी, वाढवतो; त्यांना खाद्य म्हणून गव्हाच्या कोंड्यात होणारे बारीक कोळी देतो. ते बघायला सांगोल्यापासून बार्शीपर्यंतचे शेतकरी येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवावीत म्हणून हे पान. नवीन कोणी सुरुवात करणार असेल तर आर्द्रतेचा प्रश्न ('सोलापूरच्या उन्हाळ्यात हे जमतं का?') आधी वाचा, बाकीचं नंतर.

मित्र कोळी म्हणजे काय? लाल कोळ्याचाच प्रकार का?

दोघंही आठ पायांचे, दोघंही कोळीवर्गातले; कीटक नव्हेत. पण लाल कोळी पानातला रस शोषतो आणि मित्र कोळी त्या रस शोषणाऱ्यालाच खातो. आपल्या कामाचे बहुतेक मित्र कोळी फायटोसिइडी या कुळातले आहेत. आकाराने अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी, नासपतीसारखे निमुळते, तुकतुकीत आणि पिवळसर. पानाच्या मागच्या बाजूला, मधल्या शिरेच्या कडेला बसतात. पान उलटलं की लगेच पळतात.

यांचा उपयोग जगाच्या ध्यानात आला तो तसा योगायोगाने. 1958 च्या सुमारास चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडच्या झाडांवर फायटोसियुलस पर्सिमिलिस नावाचा मित्र कोळी सापडला. तो लाल कोळ्याचा फडशा पाडतो हे तिथल्या संशोधकांनी पाहिलं आणि मग युरोपातल्या काचघरांमध्ये त्याचा वापर सुरू झाला.

लाल कोळ्याला खाणारा प्राणी लाल कोळ्यावरच वाढवायचा ना? कोंड्यातल्या कोळ्यांची भानगड कशाला?

उसाच्या खोडकिडीसाठी आपण ट्रायकोकार्ड लावतो. त्या कार्डावर खोडकिडीची अंडी असतात का? नाही. प्रयोगशाळेत भरडलेल्या ज्वारी-बाजरीवर तांदळातला पतंग, म्हणजे कॉर्सायरा, वाढवतात आणि त्याच्या अंड्यांवर ट्रायकोग्रामा, म्हणजे किडीच्या अंड्यांत वाढणारी बारीक गांधीलमाशी, पोसतात. द्राक्षातल्या मिलीबगसाठी क्रिप्टोलिमस भुंगेरे सोडतात, तेही लाल भोपळ्यावर वाढवलेल्या मिलीबगवर पोसलेले असतात. शेतातली कीड वेगळी, पोसण्यासाठी वापरलेलं खाद्य वेगळं. यालाच पर्यायी भक्ष्य म्हणायचं.

मित्र कोळी लाल कोळ्यावर वाढवायचे तर आधी घेवड्याची रोपं लावायची, त्यावर लाल कोळी चढवायचे, ते पुरेसे झाले की मित्र कोळी सोडायचे. जागा लागते, पाणी लागतं, आणि आपण स्वतःच्या हाताने लाल कोळ्याचं बेणं शेतात जपतो, ही धास्ती कायमची. याउलट कोंड्यातला कोळी टोपल्यात, अंधाऱ्या खोलीत, किलोभर कोंड्यात लाखांनी वाढतो. 1980 च्या दशकात नेदरलँड्समध्ये हीच युक्ती वापरून फुलकिडे खाणारे मित्र कोळी मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले आणि त्यांची किंमत शेतकऱ्याच्या आवाक्यात आली. 2005 पासून अँब्लिसियस स्विर्स्की ही जात सुक्या फळांत होणाऱ्या कोळ्यावर वाढवून बाजारात आली. आपल्या शेजारी श्रीलंकेत नारळावरच्या कोळ्यासाठी निओसियुलस बराकी ही जात साठवणुकीतल्या, म्हणजे साठवलेल्या धान्या-पेंडीत होणाऱ्या, कोळ्यावर वाढवतात. म्हणजे हे तंत्र फक्त थंड देशांतच चालतं असं नाही.

मग कुठलाही मित्र कोळी कोंड्यावर वाढेल?

नाही, आणि हा गैरसमज फार महागात पडतो. मित्र कोळ्यांच्या खाण्याच्या सवयी जातीप्रमाणे बदलतात. पर्सिमिलिस हा हट्टी खवय्या आहे, त्याला जाळं विणणारा लाल कोळीच लागतो. त्याला कोंड्याच्या डब्यात टाकलं तर तो उपाशी मरतो. आपल्या भागात वांगी, भेंडी, घेवडा, गुलाब यांवर आपोआप येणारा निओसियुलस लाँजिस्पिनोसस हाही लाल कोळ्याकडेच झुकणारा आहे. कोंड्यावर त्याची नीट पैदास होईल या भरवशावर राहू नका. त्याला घेवडाच बरा.

कोंड्यावर वाढतात त्या सर्वभक्षी जाती. निओसियुलस कुकुमेरिस, निओसियुलस बार्केरी आणि वर आलेला स्विर्स्की या त्यांतल्या नावाजलेल्या. या जाती फुलकिड्यांची लहान पिल्लं, मिरचीवरचा पिवळा कोळी, साठवणुकीतले कोळी आणि परागकण, मिळेल ते खातात. स्विर्स्की पांढऱ्या माशीची अंडी आणि लहान पिल्लंही खातो. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: माझ्या पिकात त्रास कशाचा? फुलकिडे आणि मिरचीचा चुरडा-मुरडा (पानं आकसणं) असेल तर कोंड्याची वाट धरा. निव्वळ लाल कोळी असेल तर घेवड्याची. आम्ही दोन्ही करतो, पण वेगवेगळ्या खोल्यांत.

भक्ष्य म्हणून कुठला कोळी घ्यावा?

प्रामुख्याने तीन वापरात आहेत. टायरोफॅगस पुट्रेसेन्शिए हा बुरशी, कोंडा, तेलबिया, सुकी मासळी अशा कशावरही वाढतो. अकॅरस सायरो हा पिठातला कोळी. जुन्या पिठाला कधीकधी पुदिन्यासारखा वास येतो, तो याचाच. कार्पोग्लिफस लॅक्टिस हा सुकं अंजीर, खजूर, मनुका अशा गोड पदार्थांत होतो.

आपल्याकडे टायरोफॅगस शोधायला कुठे जावं लागत नाही. पावसाळ्यात बंद राहिलेल्या पेंडीच्या पोत्यात तो असतोच. पण तो दणकट आहे, अंगावर लांब केस, सतत हालचाल. मित्र कोळ्याला त्याची अंडी आणि पिल्लं सहज खाता येतात, मोठ्याशी झुंजणं जड जातं. शिवाय फार संख्येने शेतात गेला तर काकडीसारख्या पिकाच्या कोवळ्या पानांना तो इजा करू शकतो. कार्पोग्लिफस मऊ आहे, संथ आहे, झाडाला काही करत नाही. ज्याला मिळेल त्याने कार्पोग्लिफस घ्यावा असं माझं मत. कोंड्यात थोडी पिठीसाखर आणि ब्रेडचं यीस्ट मिसळलं की तो खूश असतो. टायरोफॅगसला साखर नको, कोंडा आणि चिमूटभर यीस्ट पुरे.

सोलापूरच्या उन्हाळ्यात हे जमतं का?

जमतं. पण या उद्योगात आपण कोळी वाढवतो असं म्हणतो खरं, प्रत्यक्षात रोज सांभाळावा लागतो तो हवेतला ओलावा. आमची पहिली दोन कल्चर, म्हणजे डब्यातली पैदास, मार्च-एप्रिलमध्ये गेली. खाद्य होतं, कोंडा चांगला होता, तापमानही हाताबाहेर नव्हतं. तरी डबे ओस पडले. पुढे भिंगातून पाहिलं तर मित्र कोळ्याची अंडी सुरकुतलेली दिसली.

कारण असं. या कोळ्यांचं अंडं पाणी पीत नाही आणि त्याला जाडसर कवचही नसतं. आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली गेली की कुकुमेरिससारख्या जातींची बरीचशी अंडी फुटायच्या आधीच सुकतात. मोठे कोळी हिंडताना दिसतात, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. आठवड्याभराने एकदम संख्या कोसळते. भक्ष्य कोळ्यांनाही 70 टक्क्यांच्या वरच आर्द्रता लागते, त्यांची कातडी पातळ असते. लागते 25 ते 27 अंश आणि 70 ते 80 टक्के. आपल्याकडे मे महिन्यातल्या दुपारी पारा 42 च्या पुढे आणि हवा भाजलेल्या पापडासारखी कोरडी.

आम्ही काय करतो ते सांगतो.

सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे मीठ. साधं खाण्याचं मीठ पाण्यात इतकं घालायचं की खाली न विरघळलेला थर राहील, ओल्या रेतीसारखा. हा मिठाचा लगदा बंद जागेत ठेवला की आतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास येऊन थांबते. 20 ते 30 अंशांत हा आकडा फारसा हलत नाही. आम्ही झाकणाच्या मोठ्या प्लास्टिक टबात तळाशी हा लगदा पसरतो, त्यावर विटा, विटांवर जाळीची झाकणं असलेले कोळ्यांचे डबे. रोज सकाळी टबाचं झाकण पाच मिनिटं उघडून हवा बदलायची. याच मिठाने तुमचं आर्द्रतामापक यंत्रही तपासता येतं. लगद्याच्या वाटीसोबत ते बंद बरणीत आठ तास ठेवा, 75 दाखवायला हवं. आमचं स्वस्तातलं यंत्र 11 ने जास्त दाखवत होतं, आणि त्याच्यावर विसंबून आम्ही हंगाम घालवला होता.

खोलीसाठी ओली फडकी. सोलापूरचे जाड टर्किश टॉवेल या कामाला इतके चांगले आहेत की दुसरं काही शोधू नका. दोरीवर टांगायचे, खालचं टोक बादलीत. कापूस आपोआप पाणी वर ओढतो. हवा कोरडी असल्यामुळेच हे चालतं: 42 अंश आणि 20 टक्के आर्द्रता असलेली हवा ओल्या कापडातून गेली तर तत्त्वतः 24 अंशांच्या आसपासपर्यंत उतरू शकते. खोलीत तेवढं मिळत नाही, 28-29 मिळतं, आणि त्यात कोळी तगतात. म्हणजे आपला कोरडा उन्हाळा ही अडचणही आहे आणि सोयही. जुलै-ऑगस्टमध्ये हा उपाय लागू पडत नाही, पण तेव्हा त्याची गरजही नसते.

तिसरा मार्ग शीतकक्षाचा. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने भाजीपाला टिकवण्यासाठी विजेशिवाय चालणारा कक्ष काढला: विटांच्या दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटिमीटरची फट, फटीत वाळू, वाळूवर दिवसातून दोनदा पाणी. आम्ही लिंबाखाली असा कक्ष बांधला. पहिल्या खेपेला डबे सरळ आत ठेवले आणि सगळ्या कोंड्याला हिरवी बुरशी आली, कारण आत 90 टक्क्यांच्या वर ओल होती. आता मिठाचे टब आत ठेवतो. मीठ जास्तीचं पाणीही ओढून घेतं. वीज गेली तरी काही बिघडत नाही, हे आमच्यासारख्यांना फार मोठं आहे.

कोंडा कुठला घ्यायचा?

गव्हाचा, जाडसर, चपटे तुकडे असलेला. बारीक कोंडा गच्च बसतो, आत हवा खेळत नाही. जाड कोंड्यात पोकळ्या राहतात आणि कोळ्यांना लपायला जागा मिळते.

एकदा एका ठिकाणाहून आणलेल्या कोंड्याने चार दिवसांत सगळं कल्चर साफ झालं. धान्यात कीड लागू नये म्हणून केलेल्या प्रक्रियेचा अंश त्यात असावा असा आमचा तर्क. तेव्हापासून नवीन कोंडा आला की आधी वाटीभर कोंड्यात थोडे भक्ष्य कोळी सोडून चार-पाच दिवस बघतो. जगले तरच पोतं उघडायचं. शक्यतो ओळखीच्या गिरणीतून, फवारणी न केलेल्या गव्हाचा कोंडा घ्या.

वापरण्याआधी कोंडा 70 अंशांवर चार तास तापवा किंवा डीप फ्रीजरमध्ये तीन दिवस ठेवा. त्यातले किडे, पुस्तकी उवा आणि नको असलेले कोळी मरतात. मग 100 ग्रॅम कोंड्याला 15 ते 20 मिलिलिटर पाणी, तेही स्प्रेने, हलवत हलवत. मुठीत दाबल्यावर कोंडा दमट लागावा, पण गोळा होऊ नये. गोळा झाला तर पाणी जास्त झालं.

सुरुवातीला किती कोळी, कधी मिसळायचे?

आधी फक्त भक्ष्य वाढवा. टायरोफॅगसची पिढी 25 अंशांवर साधारण दोन-तीन आठवड्यांत पूर्ण होते. मित्र कोळ्याची आठवड्याभरात. इथेच सगळा हिशेब आहे: खाणारा खाल्ल्या जाणाऱ्यापेक्षा लवकर वाढतो. म्हणून भक्ष्याची बेगमी मोठी असल्याशिवाय मित्र कोळी सोडायचाच नाही. डब्याच्या कडेला राखेसारखी पूड साचली आणि ती पूड सरकताना दिसली, की भक्ष्य तयार.

एका मित्र कोळ्यामागे 10 ते 20 भक्ष्य कोळी, असं प्रमाण ठेवून सुरुवात करतो. पुढे दर तीन-चार दिवसांनी भक्ष्याने भरलेला मूठभर कोंडा घालायचा आणि जुना कोंडा हळुवार वर-खाली करायचा. दोन-तीन आठवड्यांत डबा काढणीला येतो. मित्र कोळी डब्याच्या भिंतीवर चढून झाकणाकडे धाव घेऊ लागले तर समजा खाद्य संपलं. दोन दिवस उशीर झाला तर ते एकमेकांचीच अंडी-पिल्लं खायला लागतात.

एक शिस्त कधी मोडू नका. भक्ष्याचे डबे वेगळ्या खोलीत, आणि सकाळी आधी भक्ष्याच्या खोलीत काम, मग मित्र कोळ्यांच्या. उलट कधीही नाही. बाहीला चिकटून गेलेली एक गाभण मादी महिन्याचं भक्ष्य संपवू शकते. डबे पाण्याच्या परातीत ठेवा, पाण्यात साबणाचा थेंब टाका; कोळी ते ओलांडत नाहीत.

मोजायचं कसं?

डब्यात वर, मध्ये, खाली अशा तीन जागांहून एकेक ग्रॅम कोंडा घ्यायचा. तो 70 टक्के अल्कोहोलमध्ये हलवून बारीक कापडातून गाळायचा आणि कापडावरचे मित्र कोळी भिंगाखाली मोजायचे. निदान 20 पट मोठं दिसेल असं भिंग लागतं. भक्ष्य कोळी पांढरा, फुगीर, केसाळ, रेंगाळणारा. मित्र कोळी तुकतुकीत आणि चपळ. जिवंतपणी फरक एका नजरेत कळतो, अल्कोहोलमध्ये आकारावरून ओळखावं लागतं. माझ्या भाचीला हे माझ्यापेक्षा लवकर जमलं. घरात शाळकरी मूल असेल तर त्याला आवर्जून शिकवा.

बुरशी आली, वास येतो. आता?

पांढरी विरळ बुरशी थोडी असेल तर घाबरू नका, टायरोफॅगस ती खातो. हिरवी-काळी आली किंवा कोंडा गरम लागला तर तो भाग काढून टाका, उरलेला कोरड्या कोंड्यात पातळ पसरा. कोंड्याचा थर तीन-चार बोटांपेक्षा जाड ठेवू नये. जाड थरात आतून ऊब धरते. अमोनियासारखा झोंबणारा वास आला तर तो डबा वाचवायच्या भरीस पडू नका.

हे कोळी घरातल्या धान्यात शिरतील का? अंगाला काही होतं का?

मित्र कोळी माणसाला काहीच करत नाही, धान्यालाही नाही. भक्ष्य कोळ्याचं मात्र तसं नाही. तो ओलसर धान्यात, पिठात, सुक्या मेव्यात राहू शकतो. म्हणून ही खोली स्वयंपाकघर आणि कणगीपासून लांब हवी. आमच्या आईने पहिल्याच दिवशी ही अट घातली आणि ती बरोबर होती.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे श्वास. या कोळ्यांच्या आणि त्यांच्या विष्ठेच्या बारीक धुळीने शिंका, खाज, दमा होऊ शकतो. पूर्वी किराणा दुकानांत काम करणाऱ्यांच्या हातांना यांच्यामुळे पुरळ यायची. कोंडा हलवताना चांगला मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालाच. ज्याला दमा आहे त्याने हे काम अंगावर घेऊ नये. मी स्वतः पहिलं वर्ष मास्कविना काम केलं आणि पुढे महिनाभर रात्री खोकलो. हे सोसण्यासारखं नाही.

शेडनेटात किती सोडायचे?

फुलकिड्यांसाठी सर्वभक्षी जाती दर चौरस मीटरला 50 ते 100 सोडतात. दहा गुंठे म्हणजे सुमारे 1,000 चौरस मीटर, म्हणजे 50 हजार ते 1 लाख कोळी. आकडा ऐकून दचकू नका. ग्रॅमला 50 मित्र कोळी भरले तर हा एक-दोन किलो कोंडा होतो.

वेळ संख्येपेक्षा महत्त्वाची. हे कोळी फुलकिड्यांची पहिल्या अवस्थेतली पिल्लंच प्रामुख्याने मारतात, मोठ्या फुलकिड्याला हात लावत नाहीत. म्हणून फुलं फुलकिड्यांनी भरल्यावर सोडून उपयोग नाही. ढोबळीला पहिली फुलं दिसायला लागली की सोडायचे, तेव्हा त्यांना परागावरही जगता येतं. सोडायचे संध्याकाळी, पानांवर थोडा थोडा कोंडा भुरभुरत.

दुसरी पद्धत पाकिटांची, आणि आमच्या हवेला तीच जास्त मानवते. ब्राउन पेपरच्या लहान पाकिटात कोंडा, भक्ष्य आणि मित्र कोळी असं छोटं बिऱ्हाडच भरायचं, टोचणीने एक भोक पाडायचं आणि झाडाच्या आत, पानांच्या सावलीत टांगायचं. पाकिटात पैदास चालू राहते आणि चार ते सहा आठवडे कोळी थोडे थोडे बाहेर पडत राहतात. उन्हात टांगलेलं पाकीट दोन दिवसांत वाळून जातं. दिवसा एक-दोनदा फॉगर (पाण्याचं धुकं सोडणारं यंत्र) चालवून झाडोऱ्यात ओल ठेवली तर पानांवरची अंडीही जगतात.

डाळिंबावर आणि द्राक्षावर चालतील का?

सरळ सांगतो: उघड्यावरच्या बागेत, फेब्रुवारीनंतर, कोंड्यावरचे कोळी फेकून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. वारा, ऊन आणि कोरडेपणा यांत बहुतेक वाया जातात. आंबे बहाराच्या, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या, फुलांवर फुलकिडे येतात तेव्हाची हवा या कोळ्यांना सोसत नाही. हस्त बहारात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलोऱ्यात, हवेत ओल असते. तेव्हा आम्ही पाकिटं लावून पाहतो आणि पानांवर कोळी टिकलेले दिसतात. त्यांच्यामुळे एक फवारणी वाचली असं छातीठोक मी अजून म्हणणार नाही.

द्राक्षात सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेनंतर, म्हणजे जानेवारीनंतर, मण्यांत पाणी उतरायच्या सुमारास, लाल कोळी वाढतो. तिथे बागेत मुळात असलेले मित्र कोळी जपणं हेच पहिलं काम. कच्च्या रस्त्याकडेच्या ओळींवर धूळ बसते आणि लाल कोळी तिथूनच सुरू होतो. त्या रस्त्यावर पाणी मारा, पानं धुऊन काढा. डाळिंबाच्या किडींबद्दल शंका असेल तर केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या जिल्ह्यातच आहे. पानं पिशवीत घालून घेऊन जा आणि कोळी नेमका कुठला ते ओळखून घ्या. डाळिंबावर पानं गुंडाळणारा कोळी वेगळा, चपटा कोळी वेगळा, आणि दोघांना उपाय एकच नाही.

मग फवारणी बंदच करायची?

बंद नाही, पण काय आणि कधी ते बघून. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांचा अंश पानावर आठवडेच्या आठवडे मित्र कोळ्यांना मारत राहतो. महिन्यापूर्वी मारलेल्या फवाऱ्यावरही कोळी सोडू नका. ऑर्गेनोफॉस्फेटही घातकच. आपल्याकडे खरी अडचण गंधकाची आहे. भुरी या बुरशीजन्य रोगासाठी गंधक सर्रास वापरतो आणि ते मित्र कोळ्यांनाही बाधतं. ज्या प्लॉटमध्ये कोळी सोडले तिथे भुरीसाठी दुसरं बुरशीनाशक निवडा. बीटी (जिवाणू) आणि एनपीव्ही (विषाणू) ही अळ्यांवरची जैविक औषधं चालतात. लाल कोळ्याची उसळी आवरायचीच असेल तर बायफेनाझेट हे कोळीनाशक मित्र कोळ्यांना तुलनेने सौम्य आहे. लेबलवर तुमचं पीक आहे का ते मात्र आधी वाचा.

शेजाऱ्याशी बोलून ठेवा. वाऱ्यावर उडत आलेल्या एका फवाऱ्याने आमच्या शेडनेटच्या पश्चिमेकडच्या तीन ओळी रिकाम्या झाल्या होत्या. आता तो आदल्या संध्याकाळी फोन करतो आणि आम्ही त्या बाजूचा पडदा सोडतो.

परागकण घातले तर चालतात का?

फार चांगले चालतात, आणि आपल्याकडे याचा विचार कमी होतो. पाणकणसाचे पराग अनेक मित्र कोळ्यांना आवडतात. उजनीच्या फुगवट्याच्या कडेला, कॅनॉलला पाणकणीस माजलेलं असतं. वरचा नर भाग पिवळा झाला की कागदी पिशवीत झटकायचा, सावलीत वाळवायचा, बारीक चाळणीने गाळायचा आणि फ्रीजरमध्ये ठेवायचा. पिकात कीड नसेल त्या दिवसांत आठ-पंधरा दिवसांनी चिमूट चिमूट पानांवर उडवला की कोळी उपाशी राहत नाहीत. एरंडाचे परागही चालतात. बांधावर चार एरंड असू द्यावेत. जास्त उडवू नका, उरलेल्या परागावर फुलकिडेही पोसतात.

परदेशातून चांगली जात मागवता येईल?

परस्पर नाही. जिवंत कोळी किंवा कीटक देशात आणायला 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. देशात मुळात असलेल्या जातींचं मातृकल्चर, म्हणजे पैदास सुरू करायचं मूळ बेणं, कृषी विद्यापीठांच्या कीटकशास्त्र विभागांत किंवा बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोकडे विचारा. घेताना जातीचं पूर्ण नाव लिहून मागा. नुसतं 'मित्र कोळी' असं लेबल असलेला डबा घेऊ नका.

लांब न्यायचं असेल तर?

थर्मोकोलच्या खोक्यात, बर्फाची पाकिटं वर्तमानपत्रात गुंडाळून, डब्याला बर्फ थेट लागणार नाही असं. डबा आडवा ठेवा आणि पहाटे निघा. 10 ते 15 अंशांत तीन-चार दिवस टिकतात, त्याहून जास्त ठेवू नका. घरच्या फ्रीजमध्ये 4 अंशांवर तर मुळीच नको. गाडीच्या डिकीत दुपारी तासभर राहिलेला डबा शेतात नेऊन काही उपयोग नाही.

बघायला यायचंय, कधी येऊ?

सकाळी आठ ते दहा, खोली थंड असते तेव्हा. आदल्या दिवशी फवारणी केली असेल तर आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून या. पंपाला लागलेले हात डब्याजवळ नकोत. येताना तुमच्या पिकाची आठ-दहा पानं कागदी पिशवीत आणा, प्लास्टिकमध्ये नको. भिंगाखाली आधी ती बघू. बऱ्याच जणांच्या पानांवर मित्र कोळी आधीपासूनच असतात.